बाहेरचे डास

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी सासरी सांगितलं होतं, मुलगी चाकणला औषधांच्या कंपनीत आहे. ते खोटं नव्हतं. पण मी तिथे नेमकं काय करते हे चिंचवडच्या घरात लग्नानंतर महिनाभराने कळलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी जेमतेम बोलल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लोक गाई पाळतात, कोंबड्या पाळतात. तू डास पाळतेस?"

मी डास पाळत होते. सव्वीस वर्षं पाळले. प्राणिशास्त्र शिकलेल्या लातूरच्या मुलीला त्या काळी एवढी बरी नोकरी दुसरी कुठली मिळणार होती? आमची कंपनी डास पळवणारी उत्पादनं बनवायची. आधी कॉइल, मग निळ्या वड्या, मग बोर्डात खोचायचं मशीन आणि त्याची बाटली. माल बाजारात जाण्याआधी तो चालतो की नाही हे बघायला डास लागतात, आणि डास लागतात तर ते कुणीतरी वाढवायला लागतात. त्या खोलीला आम्ही 'पाळणाघर' म्हणायचो. बारा महिने दमट, उबदार. पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. त्यांना कुत्र्याच्या बिस्किटांचा भुगा घालायचा. मोठ्या झालेल्या डासांना जाळीच्या पिंजऱ्यात साखरपाण्यात भिजवलेला कापूस. नर त्यावरच जगतात. रक्त लागतं ते मादीला, अंडी घालायला.

चाचणीच्या वेळी मी हात पिंजऱ्यात घालायची. किती बसतात, किती सोंड खुपसतात, ते मोजायचं. पहिल्या वर्षी हात सुजायचा. नंतर शरीराला सवय झाली आणि खाज येईनाशी झाली. आमच्या डासांना कुठलाही रोग नव्हता, कारण त्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाळणाघराबाहेरचं जग पाहिलंच नव्हतं. हे वाक्य मी नवीन माणसांना अभिमानाने सांगायची. त्यातला दुसरा अर्थ माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

हे औषध काम कसं करतं, ते आधी सांगते. बहुतेकांना वाटतं की डासाला वास सहन होत नाही म्हणून तो पळतो. तसं नाही. कडुलिंबाचा पाला किंवा गोवऱ्या जाळल्या की डास धुराने हटतात, आणि धूर गेला की परत येतात. कॉइलचं तसं नसतं. तिच्यात लाकडाच्या भुशात थोडंसं रसायन कालवलेलं असतं. धूर नुसता बैलगाडीसारखा, माल वाहून नेणारा. मशीनमध्ये तर धूरही नसतो. बाटलीतली वात गरम होते आणि रसायनाची वाफ हवेत मिसळते. आपल्याला ती दिसत नाही. डासाच्या नसांवर मात्र ती बसते. थोडी असली तर डास भंजाळतो, माणूस कुठे आहे ते त्याला कळत नाही, चावायची इच्छा मरते, तो वाट फुटेल तिकडे जातो. जास्त असली तर पाय वर करून पडतो. म्हणजे सगळा खेळ हवेत किती वाफ आहे याचा. खिडकी सताड उघडी असली, पंखा मोठा असला, तर ती पातळ होते. खोली गच्च बंद केली तर ती राहते, पण माणसाचा श्वासही त्याच हवेत चालतो.

तक्रार आली की कधी कधी मला ग्राहकाकडे पाठवत. निगडी प्राधिकरणातल्या एका निवृत्त गृहस्थांचे नऊ मासे एका सकाळी काचेच्या टाकीत उलटे तरंगताना सापडले होते. मी गेले तर मशीन टाकीच्या शेजारच्याच बोर्डात. टाकीतला पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडत होता, आणि हे रसायन माशांना फार घातक. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं, मुंगीच्या अक्षरात. गृहस्थ चिडले नाहीत. मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग शांतपणे विचारलं, "बाई, माशाला मारतं ते माणसाला काय करतं?" मी पाठ असलेलं उत्तर दिलं. प्रमाण फार कमी असतं, आपलं शरीर ते पचवून बाहेर टाकतं, हवा खेळती ठेवली की काळजी नाही. हे खरंही आहे. ते म्हणाले, "तुम्ही सांगताय म्हणून मानतो." बसस्टॉपपर्यंत जाताना मला स्वतःचं फार बरं वाटलं. आपल्या शब्दाला वजन आहे असं वाटलं.

आता जे सांगायचंय ते सात-आठ वर्षांपूर्वीचं.

आमच्या पॅकिंग लाइनवर संगीता म्हणून एक बाई होती. परभणीकडची, तिशीतली, ठेकेदाराकडून आलेली. बाटल्यांना झाकणं बसली की त्या खोक्यात भरायचं तिचं काम. कॅन्टीनमध्ये ती माझ्या टेबलाशी येऊन बसायची, कारण मी लातूरची, आणि तिच्या बोलण्याला न हसणारी. तिचा नवरा बालाजी एका प्रेस शॉपमध्ये होता. गाड्यांचे पत्रे ठोकायचं काम, कायम रात्रपाळी. मुलगी गावी आजीकडे.

एक दिवस डबा खाता खाता ती म्हणाली, "बाई, आपलं मशीन दिवसा चालत नाही का?"

"चालतं की. का?"

"ह्यांना दिवसा झोपावं लागतंय ना. दुपारच्याला डास चावायलेत. पायाला असे फोड उठलेत बघा. मी मशीन लावून येते, तरी बी चावायलेत."

दिवसा चावणारा डास म्हणजे काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. डेंग्यूचा. तो गटारात वाढत नाही, त्याला स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. मी तिला म्हटलं, गुरुवारी येऊन बघते. आमच्या भागात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते.

त्यांची खोली म्हाळुंग्याच्या पुढे, एका जुन्या शेतात उभारलेल्या पत्र्याच्या चाळीत होती. दहा खोल्या एका ओळीत, आणि प्रत्येक दारासमोर पाण्याचा निळा ड्रम. टँकर चार दिवसांनी यायचा, कधी पाच. आत बालाजी जमिनीवर गोधडी टाकून नुकताच उठून बसला होता. अंगाने किरकोळ, लाजरा माणूस. प्रकाश येऊ नये म्हणून खिडकीला पुठ्ठा ठोकलेला. मशीनचा लाल दिवा वर, छताजवळच्या बोर्डात जळत होता. त्याच्यापासून दोन हातांवर खिळ्याला बालाजीची काळी पँट टांगली होती आणि तिच्यावर चार डास बसले होते. पट्टेवाले, निवांत.

मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. आमच्या पाळणाघरातले डास एवढ्या वाफेत असे बसूच शकले नसते.

बालाजी ओशाळून म्हणाला, "मॅडम, मशीन खराब नाही ओ. कंपनीचंच आहे. हिनेच आणलंय."

बाहेर येऊन मी ड्रमवरची फळी उचलली. पाण्यात अळ्या होत्या, भरपूर. संगीताला सांगितलं, ड्रम आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून आतून घासायचा, तोंडाला जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधायचं. ती म्हणाली, "रिकामा कधी करू बाई? टँकर येतो तवा अर्धा भरलेलाच असतो. ओतून दिला आन टँकर आलाच नाही तर?" "निदान फडकं तरी बांध," म्हटलं.

तेवढ्यात चाळीचे मालक आले. साठीचे, पांढऱ्या टोपीतले, ज्यांच्या शेतावर ही चाळ उभी होती ते. मी त्यांना ड्रम दाखवले. म्हटलं, एक मोठी झाकणाची टाकी बांधा, नळ काढून द्या, हे दहा ड्रम जातील.

"टाकी बांधू की. पण डासाचं मला काय सांगताय बाई? आमी काय डास पाळलेत व्हय?" मग मी कोण, कुठल्या कंपनीतली ते संगीताने सांगितलं. ते हसले. "म्हंजे तुमी पाळता, आमी न्हाई. मग तुमीच बघा काय ते."

मी एका रिकाम्या बाटलीत त्या अळ्या भरून घेतल्या.

त्या मी पाळणाघरात नेल्या नाहीत. आमच्या डासांत मिसळल्या असत्या तर सगळी वंशावळ बिघडली असती. सामानाच्या कोठीत वेगळा ट्रे मांडला. आठवड्याभराने त्यातून डास निघाले. त्यांनी अजून कुणाचंही रक्त प्यायलेलं नव्हतं, म्हणून हात घालायला मला फारशी भीती नव्हती.

आमची चाचणीची खोली म्हणजे काचेची, झोपायच्या खोलीएवढी. आधी मी आमचे डास सोडले आणि मशीन सुरू केलं. नेहमीसारखंच झालं. थोड्या वेळाने ते सैरभैर झाले, भिंतींवर आपटले, मग एकेक करून खाली. माझ्या हाताकडे एकही आला नाही. खोली धुऊन, वारा देऊन दुसऱ्या दिवशी म्हाळुंग्याचे डास सोडले. मशीन तेच, बाटली तीच, वेळ तीच. काही पडले. पडलेल्यांतले काही परत उठले. निम्म्याहून जास्त उडतच राहिले, आणि मी बाही वर करून हात पुढे धरला तेव्हा एक मादी शांतपणे येऊन मनगटावर बसली आणि तिने सोंड खुपसली. मला खाज आली नाही.

तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

आमच्या डासांनी आयुष्यात कधी औषध पाहिलं नव्हतं. बाहेरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच पाहिलं होतं. प्रत्येक घरात कॉइल, मशीन, अगरबत्ती, गल्लीत फवारणी. जे सोसू शकले नाहीत ते मेले, जे सोसू शकले त्यांची पोरं वाढली. पुस्तकात मी हे वाचलेलं होतं. पण आम्ही ज्यांच्यावर माल तपासत होतो ते आमचे लाडावलेले डास होते, आणि आमचा माल विकत घेणारा माणूस बाहेरच्यांबरोबर राहत होता.

मी वही घेऊन साहेबांकडे गेले. आमचे विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी पानं दोनदा वाचली, चष्मा काढला.

"बाई, चाचणी कुठल्या डासांवर करायची हे नियमात लिहिलंय. त्यावर आपण पास आहोत."

"सर, पण खोलीत तर—"

"मला कळतंय. मी वर बोलतो. पण नवीन रसायन आणायचं, त्याची मंजुरी, दोन-तीन वर्षं कुठे गेली नाहीत. तोवर हे बाहेर बोलायचं नाही. मशीन अगदीच चालत नाही असंही नाही ना? निम्मे तर हटतात."

"हटतात," मी म्हटलं.

"मग नसल्यापेक्षा बरं."

ते वाक्य मी उचललं. दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये संगीताने विचारलं, "बाई, काय निघालं त्या अळ्यांचं?"

मी म्हटलं, "बघतेय अजून. मशीन लावत जा. नसल्यापेक्षा बरं."

"दोन लावू का?"

खोली एवढीशी, खिडकीला पुठ्ठा, आत दिवसभर झोपणारा माणूस. दोन मशीनची वाफ त्याच्या छातीत जाणार आणि डासांवर फरक थोडाच पडणार, हे तिथे बसलेल्यांत फक्त मला माहीत होतं.

"लाव," मी म्हटलं.

गणपती उठले त्या आठवड्यात बालाजीला ताप आला. संगीताने मला सांगितलं तेव्हा दुसरा दिवस होता. मी तिला लगेच रक्त तपासायला लावलं. डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला, पाणी भरपूर प्यायला आणि रोज रक्त तपासून घ्यायला सांगितलं. पाचव्या दिवशी ताप उतरला. अंग गार पडलं, त्याने भाकरी मागितली, संगीताने मला फोन करून सांगितलं. आवाज हलका झाला होता तिचा.

डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. मी डासांची बाई. मला हे ठाऊक होतं, आणि मी फोनवर तिला सांगितलंही, की त्याला अजून उठू देऊ नको. पण बालाजीच्या सुपरवायझरचे रोज फोन येत होते, ठेकेदाराकडे माणसं रांगेत उभी होती. संगीताला त्या आठवड्यात दुपारची पाळी होती; ती कामावर असताना तो कपडे करून रात्रपाळीला गेला. पँट तीच असावी, खिळ्यावरची, असं मला उगाच वाटत राहतं.

प्रेसजवळ त्याच्या पोटात दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तो खाली बसला तो उठलाच नाही. बरोबरच्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी सकाळी पोचले तेव्हा त्याला आत ठेवलं होतं. संगीता भिंतीला टेकून खाली बसली होती, अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच. मी शेजारी बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, मशीन चालूच होती ओ. दोन्ही बी. बाटल्या भरलेल्या होत्या."

दुपारी तो गेला.

दुसऱ्या दिवशी चाळीत धुराची गाडी आली. पांढरा धूर ओळीने दहा दारांतून आत गेला, पोरं त्यातून धावली. मालकांनी उभं राहून सगळे ड्रम आडवे करून घेतले. चाळीपुढे चिखल झाला. मला बघून ते जवळ आले, टोपी काढली आणि म्हणाले, "बाई, टाकी बांधतो म्या. लगेच." त्यांनी बांधलीही. आतापर्यंत का बांधली नाही हे मी विचारलं नाही. तो प्रश्न मला विचारायचा अधिकार राहिला नव्हता.

संगीता नवऱ्याला घेऊन गावी गेली. त्या महिन्यात मी चाचणीचा पूर्ण अहवाल लिहिला, खाली सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पोचपावतीची सही केली. पुढे रसायन बदललं, पण त्याला दोन वर्षं लागली, आणि ते माझ्या अहवालामुळे बदललं असं मी म्हणणार नाही. इतर शहरांतूनही तक्रारी येत होत्या. माझ्यामुळे एवढंच झालं की पाळणाघराशेजारी एक छोटी खोली मिळाली आणि तिच्या दारावर 'बाहेरचे' अशी पाटी लागली. दर पावसाळ्यात चाकण, मोशी, चिखली, देहूरोडच्या पाण्यातून मी अळ्या आणायची आणि प्रत्येक नवा माल आधी त्यांच्यावर तपासायची. निवृत्तीपर्यंत ते केलं. लोक म्हणायचे, बाई किती मन लावून काम करते.

सव्वा महिन्याने संगीता परत आली. मुलीच्या शाळेसाठी पगार हवा होता. ठेकेदाराने तिला त्याच लाइनवर उभं केलं. तीच बाटली, तेच खोकं. मी आठवडाभर कॅन्टीनला गेलेच नाही, पाळणाघरात बसून डबा खाल्ला. शेवटी एके दिवशी दुपारी तीच दारात येऊन उभी राहिली.

"बाई, माझ्यावर रागावलात का?"

मी तिला आत घेतलं. स्टुलावर बसवलं. आणि सगळं सांगितलं. अळ्यांचं, काचेच्या खोलीचं, मनगटावर बसलेल्या मादीचं, साहेबांचं. दोन मशीन लावू का असं तिने विचारलं तेव्हा मला काय माहीत होतं ते.

ती ऐकत होती. समोरच्या पिंजऱ्यात डास कापसावर बसून साखरपाणी पीत होते, ती त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तवाच सांगितलं असतं तुम्ही, तर काय केलं असतं मी? ड्रम ओतून दिला असता? पाणी कुठून आणलं असतं? ह्यांना दिवसा झोपू नका म्हणलं असतं का?"

मी मान खाली घातली. मला वाटलं, ती मला सोडवतेय.

ती उठली. पदराने तोंड पुसलं. लाइनची घंटा झाली होती.

"पण सांगायला पायजे होतं बाई," ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुम्हाला."

आणि ती कामावर गेली.